आत्याचा अर्धा रिकामा कंटेनर

कारखान्यात तुम्ही नेमकं काय करता, असं कोणी विचारलं की आत्या सांगायची, "मी दार लावते." ऐकणाऱ्याला वाटायचं, म्हातारी चेष्टा करतेय. चेष्टेची तिला खोड होतीच, पण हे मात्र शंभर टक्के खरं होतं. वेताच्या खुर्च्यांचा तो कारखाना. लाकूडकाम तिचा भाऊ बघायचा, तो गेल्यावर त्याचा मुलगा, आत्याचा भाचा, बघू लागला. वीण ओलेकाकांची. आणि तयार खुर्च्या तपासून, बांधून, गाडीत चढवून शेवटी गाडीचं दार लावायचं काम आत्याचं. तिने दार लावलं की त्या मालाबद्दल पुढे कोणी चकार शब्द काढायचा नाही.

लहानपणी तिलाही वीण शिकायला बसवलं होतं. पण पोर डावरी. वेताची पट्टी ती उलट्या बाजूने ओढायची आणि तिने विणलेली खुर्ची दुसऱ्या खुर्चीशेजारी ठेवली की दोघी भांडून तोंड फिरवून बसल्यासारख्या दिसायच्या. वडिलांनी थोडे दिवस कळ काढली आणि मग तिच्या हातात दोरी दिली. तिथे मात्र डावा हात कामी आला. तिची गाठ प्रवासात कधी सुटली नाही. गिऱ्हाइकालाही ती सुटायची नाही, बिचारा शेवटी सुरी घ्यायचा. पुढे लग्न झालं, नवरा लवकर गेला, आणि ती भावाच्या घरी परत आली. दुसऱ्याच दिवशी सकाळी ती कारखान्यात हजर. दोऱ्या कुठे ठेवल्यात म्हणून विचारलं आणि कामाला लागली. रडायचं ते तिने घरी रडून घेतलं होतं. कीव करायला आलेल्या बायकांना तिने खुर्च्या पुसायला लावलं, त्यामुळे त्या परत फिरकल्या नाहीत.

ओलेकाकांना ओलेकाका म्हणायचं कारण त्यांच्याशी हात मिळवला की कळायचं. वेत भिजवल्याशिवाय वळत नाही, म्हणून त्यांचे हात उभा जन्म पाण्याच्या टबात. बोटांच्या टोकांना कायमच्या सुरकुत्या. माणूस मायाळू, कोणी दिसलं की खांद्यावर हात ठेवणार, आणि तो माणूस दिवसभर खांद्यावर पंजाचा डाग घेऊन हिंडणार. आत्याच्या वडिलांच्या हाताखाली ते आले ते इथेच म्हातारे झाले. त्यांची वीण बघायला लोक खुर्ची उलटी करून बघत. वरून तर कोणीही बरं दिसेल असं विणतो. ओलेकाकांची खालची बाजूसुद्धा वरच्यासारखी असायची.

पण हाताची वीण वेळ खाते. भाच्याच्या डोक्यात प्लॅस्टिकच्या पट्ट्या विणणारं मशीन घोळत होतं. पोरगा वाईट नव्हता. हिशेबी होता, आणि संसार त्याला चालवायचा होता. तो आत्याला सरळ म्हणाला, "आत्या, वेताला गिऱ्हाईक राहिलं नाही. मी किती दिवस ओढू?"

अशात समुद्रापलीकडून एक मागणी आली. तिकडच्या एका शहरात नवं वाचनालय उभं राहत होतं आणि त्यांना वाचायच्या दालनात हाताने विणलेल्या वेताच्याच खुर्च्या हव्या होत्या. ऐंशी. आतापर्यंत कारखान्याचा माल रस्त्याने जायचा, फार तर एक रात्र-दोन रात्री. जहाजावर खुर्ची कधी चढलेली नव्हती. भाच्याने ओलेकाकांसमोरच सांगून टाकलं, "हा माल नीट पोचला तर वेताचं काम चालू. नाही पोचला तर मी मशीन घेतो. मग कोणी रागवायचं नाही." ओलेकाका टबात हात घालून बसून राहिले.

जहाजाचं बघायला एक एजंट यायचा. हसरा, चटपटीत, कामाला पक्का. आत्या त्याला बोटवाला म्हणायची. त्याने समजावून सांगितलं, की माल पाठवायच्या दोन तऱ्हा. एक शेअरचा कंटेनर, म्हणजे चार जणांचा माल एकाच पेटीत, ज्याने जेवढी जागा अडवली तेवढं त्याचं भाडं. दुसरा अख्खा कंटेनर, म्हणजे भरा नाहीतर रिकामा न्या, पेटी तुमची.

"आपल्या खुर्च्या किती जागा खातील?" भाच्याने विचारलं.

"साधारण अर्धी पेटी. खुर्ची हलकी असते, पण जागा बक्कळ खाते."

"मग शेअर. अर्ध्या पेटीतली हवा परदेशी पाठवून करायचं काय?"

बोटवाला प्रामाणिक होता. म्हणाला, "एवढ्या मालाला दोन्हीच्या भाड्यात जमीन-अस्मानाचा फरक नाही पडत. अख्खा महाग पडेल, पण थोडाच. शेअरमध्ये माल आधी गोदामात जातो, तिथे भरतात, पलीकडे परत गोदामात उतरवतात. जर सगळ्यांचा माल वेळेवर आला, जर कोणाची कागदपत्रं कस्टममध्ये अडकली नाहीत, तर काही प्रश्न नाही."

"आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं," आत्या म्हणाली. "जर-तर राहू दे. मला ते गोदाम दाखव."

बोटवाल्याने नेलं. गोदाम म्हणजे लांबच लांब पत्र्याची शेड. मधोमध एक कंटेनर तोंड उघडून उभा, आणि बाजूला जमिनीवर रंगाने चौकोन आखून एकेकाचा माल रचलेला. कुठे गालिच्यांच्या वळकट्या, कुठे लोखंडी सुट्या भागांच्या पेट्या, कुठे साबण. एक तगडा हमाल आत माल लावत होता. आत्या त्याचं काम बराच वेळ बघत राहिली. जड खाली, हलकं वर, मधल्या फटीत हवेच्या पिशव्या. हातात कसब होतं त्याच्या, आणि चांगल्या कामाला चांगलं म्हणायला आत्याची जीभ कधी अडली नाही. तिने तसं त्याला सांगितलं. गडी खूश झाला.

"आणि माझ्या खुर्च्या आल्या तर कुठे ठेवशील रे?"

"सगळ्यांत वर, मावशी. पण वर जागा असली तर. नसली तर जे येईल ते त्यांच्यावर." तो खोटं बोलला नाही.

तेवढ्यात तिची नजर कोपऱ्यातल्या पोत्यांकडे गेली. कोणाची तरी पोती, खालून ओली. आत्याने बोट लावून बघितलं आणि तिथल्या कारकुनाला धारेवर धरलं. ही ओली पोती माझ्या वेताशेजारी बसणार? बंद पेटीत इतके दिवस? माझ्या खुर्च्यांना बुरशी लागली तर तू येणार आहेस का पुसायला? कारकून म्हणाला, ही पोती आम्ही घेणारच नाही, परत चाललीत. तरी आत्याचं तोंड अर्ध्या वाटेपर्यंत थांबलं नाही. बोटवाला गाडी चालवता चालवता सांगत होता, की ओल वाईटच. दिवसा ऊन, रात्री गारठा, त्यामुळे कंटेनरला आतून घाम येतो आणि तो मालावर ठिबकतो.

घरी येऊन तिने निकाल दिला. "अख्खा घ्यायचा. पेटी आपल्या अंगणात येईल, माल आपण भरू, दार मी लावणार. लोकांची ओल मला नको."

भाचा डोकं धरून बसला. पण आत्यापुढे वाद घालणं म्हणजे तिची गाठ सोडवण्यासारखंच. शेवटी तो एवढंच म्हणाला, "अर्धा रिकामा गेला तर लोक हसतील."

"हसू देत. रिकाम्या जागेला बुरशी लागत नाही."

कंटेनर आला त्या सकाळी गल्लीला उधाण आलं. ट्रेलर वळवायला समोरच्या शिंप्याने आपला फलक काढला, न्हाव्याने खुर्ची आत ओढली. ड्रायव्हरने पेटी कारखान्याच्या तोंडाशी अशी लावली की सगळ्यांच्या तोंडून वा निघालं. इतकी वर्षं या कारखान्याकडे कोणी मान वर करून बघितलं नव्हतं, आणि आज माणसं खिडक्यांतून लटकत होती. आत्या फाटकात उभी होती, कमरेला दोऱ्यांची गुंडाळी. चेहरा सरळ ठेवायचा तिने खूप प्रयत्न केला, पण जमलं नाही. छाती फुगायची ती फुगलीच.

खुर्च्या आत गेल्या. तळाशी पुठ्ठा, दोन-दोन खुर्च्या तोंडाला तोंड, मध्ये कापड, कडेच्या कड्यांना दोरी. आतल्या आत माल हलू नये म्हणून आत्याने स्वतः प्रत्येक गाठ मारली. अर्धी पेटी भरली, अर्धी रिकामी राहिली, आणि दोरीच्या जाळ्यामागे खुर्च्या शिस्तीत बसल्या. बोटवाल्याने ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगल्या. शेवटची एक खुर्ची अंगणात उरली होती. आत्या दमली होती. "जरा टेकते," म्हणाली आणि तिच्यावर बसली.

उठली तशी भाच्याची बायको फस्सकन हसली. "अहो आत्या, मागून ओल्या झालात!"

सगळे हसले. आत्याही हसत मागे हात लावायला गेली, आणि तिचं हसू तिथेच थिजलं. तिने खुर्चीच्या बैठकीवरून हात फिरवला. वर कोरडी. खुर्ची उलटी केली. खालची वीण गार आणि जड; तिच्या भाराने तिथलं पाणी वर आलं होतं.

चूक काय झाली ते तिला त्याच क्षणी कळलं, आणि कळलं तेव्हा तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावंसं वाटलं. माल निघायच्या सकाळी ओलेकाका खुर्च्या उलट्या मांडायचे आणि खालून पाणी मारायचे. ही त्यांची कायमची रीत. वेत पाणी पितो, मग वाटेत वारा लागून सुकताना ताणून बसतो, आणि गिऱ्हाइकाच्या घरी खुर्ची उतरते ती ढोलकीसारखी घट्ट. उघड्या गाडीला यापेक्षा चांगली युक्ती नाही. आणि ही रीत इतकी रोजची, की कोणाच्या डोळ्यांना ती दिसेनाशी झाली होती. गोदामातल्या परक्या पोत्यांवर आत्या तोंडसुख घेऊन आली होती. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसलं होतं तिला. आपलं मुसळ अंगणात पहाटेपासून पाणी पीत होतं.

"काका, आजही पाणी मारलंत?"

"मारलं म्हणजे? दोनदा मारलं," ओलेकाका अभिमानाने म्हणाले. "लांबचा प्रवास आहे ना, ताई."

बोटवाल्याचा चेहरा पडला. त्याला काही सांगावं लागलं नाही. भाचा हळूच म्हणाला, "आता काय करायचं? बंदराचं फाटक आपल्या मालाला उद्या सकाळी बंद होतं." गल्लीभर माणसं उभी. दार लावलं असतं तर कोणाला काही कळलं नसतं. आणि सगळ्यांसमोर सांगायचं म्हणजे ज्या माणसाच्या हातावर कारखाना उभा, त्याला म्हणायचं, की तुमच्या पाण्याने तुमच्याच खुर्च्या कुजतील. आत्याने ओलेकाकांना बाजूला नेलं. शब्द मऊ करायची तिला सवय नव्हती, तरी तिने आवाज खाली आणला.

"काका, ही उघडी गाडी नाही. दार लागलं की वारा बंद. पाणी आत कोंडणार."

ओलेकाकांची मान ताठ झाली. "माझ्या पाण्याने आजवर एक खुर्ची परत आलेली नाही."

"नाही आली. कारण वारा होता. हा माझाही गाढवपणा आहे, मी गावभर विचारत फिरले आणि तुम्हाला विचारलं नाही. आता सांगा, संध्याकाळपर्यंत ऐंशी खुर्च्या सुकवायच्या तर कशा?"

म्हातारा त्या लोखंडी पेटीकडे गेला. मग आत चढला, आतल्या भिंतीवर आपला तो सुरकुतलेला हात ठेवला, दाराकडे बघितलं, आणि खाली उतरला. "उन्हात नको," तो म्हणाला. "उन्हात वेत तडकतो. सावली आणि वारा. उलट्या ठेवायच्या. दोन खुर्च्यांमध्ये अंतर. चला, बघत काय बसलात?"

शेअरच्या कंटेनरमधून पाठवल्या असत्या, तर खुर्च्या आतापर्यंत गोदामात परक्या मालाखाली गेल्या असत्या आणि दार भलत्यानेच लावलं असतं. इथे पेटी आपली होती, दार अजून उघडं होतं. आत्याने सुरी मागवली आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या गाठी स्वतः कापल्या. खुर्च्या बाहेर आल्या आणि सावली मिळेल तिथे जाऊन बसल्या. शिंप्याच्या छपराखाली, न्हाव्याच्या दुकानात आरशांसमोर, जिन्यांच्या तोंडाशी, समोरच्या घराच्या बैठकीत. पाय वर करून उलट्या पडलेल्या खुर्च्यांनी गल्ली भरून गेली. ज्यांच्याकडे पंखे होते त्यांनी पंखे लावून दिले. शेजारीण म्हणाली, "आमच्याकडे पाहुणे यायचेत, पण खुर्च्यांना राहू दे, पाहुण्यांना उभं करू." ड्रायव्हर ट्रेलरखाली हातरुमाल तोंडावर टाकून झोपला, मला काय घाई, म्हणाला, बंदर काही पळून जात नाही, रात्रीच निघतो.

आणि त्या सगळ्यातून ओलेकाका फिरत होते. खुर्चीपाशी वाकायचे, विणीवर टिचकी मारायचे आणि कान द्यायचे. ओला वेत थप्प बोलतो, सुका टणकन. खाचेत, जिथे पट्टी लाकडात जाते, तिथे बोट खुपसून बघायचे. आज त्यांनी हात कोरडे ठेवले होते; त्यासाठी खिशात फडकं बाळगलं होतं. लोक त्यांच्या मागे मागे फिरू लागले, टिचकी कशी वाजते ते ऐकायला. भाचाही फिरत होता. इतकी वर्षं त्याने ओलेकाकांना बसलेलं बघितलं होतं. ऐंशी खुर्च्यांतली एकेक कानाने ओळखणारा हा माणूस त्याने आज पहिल्यांदा बघितला.

दिवस कलला तेव्हा एक्काहत्तर पास झाल्या. नऊ नाही. खाचेत अजून ओल होती.

"वरून तर कोरड्या आहेत," भाचा म्हणाला. "टाकून द्या ना आत."

ओलेकाकांनी आत्याकडे बघितलं. आत्या म्हणाली, "काकांनी नाही म्हटलं ना? मग नाही. नऊ कमी येतील आणि का कमी येतील ते खरं खरं कळव. लाज वाटून घेऊ नकोस."

पेटी पुन्हा भरली, पुन्हा गाठी बसल्या. सील लावायची वेळ आली तेव्हा आत्याने ते ओलेकाकांच्या हातात दिलं. त्यांनी दोन्ही हात फडक्याला पुसले आणि सील कडीत दाबलं. कट्टकन आवाज झाला आणि गल्लीत टाळ्या पडल्या. आत्याच्या जागी दुसऱ्या कोणी दार लावायची ही पहिलीच वेळ. पण तिला अजिबात वाईट वाटलं नाही. उलट इतका आनंद झाला की तिने ड्रायव्हरलाही टाळी दिली.

पुढचे आठवडे वाईट गेले. भाचा मशीनचा विषय काढत नव्हता, आत्या जहाजाचा काढत नव्हती, आणि ओलेकाका त्या नऊ खुर्च्यांना रोज टिचक्या मारून जात होते. मग एके दिवशी निरोप आला. एकाही खुर्चीवर डाग नाही, वीण घट्ट, उरलेल्या नऊ कधी पाठवता?

बोटवाला आला आणि आत्यासमोर बसून अडखळू लागला. "आत्या, नऊ खुर्च्यांना अख्खा कंटेनर म्हणजे... म्हणजे तसं बघितलं तर..."

"अरे, शेअरमध्ये टाक," आत्या म्हणाली. "नऊ जणांसाठी कोणी वऱ्हाडाची गाडी करतं का? पक्क्या खोक्यांत भरू, तुझा तो हमाल वर लावेल. आता आम्हाला कोरडं कसं पाठवायचं ते येतं."

नऊही गेल्या. मग वाचनालय सुरू झालं आणि तिकडून एक फोटो आला. भाच्याने तो मोठा करून कारखान्याच्या भिंतीवर लावला. उंच दालन, लांब टेबलं, आणि त्यांच्याभोवती ओलेकाकांच्या खुर्च्या. भाचा फोटोसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मशीनवाल्याला मी नको म्हणून कळवलंय. आणि काका, हिला वीण शिकवाल का? हिचा हात बरा आहे." त्याची बायको मागे उभी होती. बोटं आधीच भिजवून आली होती.

ओलेकाका हो म्हणाले, पण त्यांचं लक्ष फोटोत होतं. त्यांनी चष्मा वर केला आणि एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे एक म्हातारी वाचत बसली होती. पुस्तक हातात, पण बसलेली खुर्चीच्या अगदी कडेवर, पाठ सुटी, जणू एवढ्या नाजूक विणीवर भार टाकायची तिला भीती वाटत होती.

"ही बघा. संकोचून बसलीय," ते म्हणाले. "तिला सांगा, रेलून बस म्हणावं. मोडायची नाही."

भाचा हसला. आत्या हसली नाही. "ऐकलंस ना? लिही," ती म्हणाली. "काकांनी सांगितलंय तस्संच लिही. आणि पाठव."

त्याने लिहिलं, पाठवलं. तिकडच्यांनी ते त्या म्हातारीला वाचून दाखवलं असावं, कारण काही दिवसांनी दुसरा फोटो आला. तीच बाई, तीच खुर्ची. पण आता ती चांगली मागे रेलली होती, सगळा भार टाकून, पाय जमिनीपासून जरासे उचललेले, आणि पुस्तक मांडीवर ठेवून गाढ झोपी गेली होती.